‘रक्तातच आहे, मग पथ्य कशाला?’ या फॉरवर्डला उत्तर

माझ्या चुलत भावाने गेल्या महिन्यात शुगर तपासणं सोडून दिलं. काकांना मधुमेह, आजोबांनाही होता. वर्षापूर्वी भावाची शुगर काठावर आली, तेव्हापासून तो रोज पाऊण तास चालायचा, चार किलो वजनही उतरलं होतं. मग त्याला एक मेसेज आला. तो त्याने मलाही पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘उगाच धडपडत होतो.’

मेसेज बऱ्याच जणांकडे पोचला असेल. त्यात चार गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. जनुकांत लिहिलेला आजार टळत नाही. घराण्यात चालत आलेला आजार आनुवंशिकच असतो. उंचीसारखे गुण ८० टक्के आनुवंशिक असतात, उरलेल्या २० टक्क्यांसाठी जीव आटवू नका. आणि म्हणून आनुवंशिक आजारात पथ्य, व्यायाम, तपासण्या सगळं फुकट. एकेक घेते.

‘जनुकांत लिहिलेलं टळत नाही’

आई आणि वडील दोघांकडून एका ठरावीक जनुकाची बिघडलेली प्रत आली, की बाळाला फिनाइलकीटोन्युरिया होतो. प्रथिनांतलं फिनाइलअ‍ॅलनिन शरीराला मोडता येत नाही, ते रक्तात साचत जातं आणि मेंदूची वाढ खुंटते. १९३४ साली नॉर्वेत एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन डॉ. फॉलिंग यांच्याकडे गेली. मुलांच्या अंगाला विचित्र वास का येतो, हे तिला कुणी सांगत नव्हतं. फॉलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले आणि ती हिरवी झाली. असा रंग त्यांनी आधी पाहिला नव्हता. त्यातूनच हा आजार सापडला.

आज अनेक देशांत बाळ दोन-तीन दिवसांचं असतानाच त्याच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड टिपकागदावर घेतात, वाळवतात आणि तपासायला पाठवतात. दोष निघाला तर लगेच फिनाइलअ‍ॅलनिन जेमतेम गरजेपुरतं असलेला आहार सुरू होतो. तो नेटाने पाळला तर मूल इतरांसारखं शिकतं, नोकरी करतं, संसार करतं. जनुक मात्र जन्मभर तसंच बिघडलेलं राहतं. आजार शंभर टक्के जनुकाचा आणि इलाज ताटातला.

याच्या उलट स्कर्व्ही. हिरड्यांतून रक्त येणं, जखमा न भरणं हा जीवनसत्त्व क कमी पडल्याचा आजार, असं आपण शाळेत शिकतो. पण बहुतेक प्राणी जीवनसत्त्व क स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाला ते जमत नाही, कारण त्यासाठी लागणारं जनुक आपल्या सगळ्यांमध्येच मोडलेलं आहे. मग स्कर्व्ही जनुकाचा आजार म्हणायचा की आहाराचा? मला तर हा एकच दाखला पुरेसा वाटतो.

या मुद्द्यात थोडं तथ्यही आहे, ते नाकारणार नाही. मेंदू हळूहळू निकामी करणाऱ्या हंटिंग्टनच्या आजारात एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो. तो ४० किंवा त्याहून जास्त वेळा आला, तर पुरेसं आयुष्य लाभलेल्या माणसाला तो आजार होतोच. अशा घरातल्या माणसांना ‘व्यायाम करा, बरं वाटेल’ असं सांगणं क्रूरपणाचं आहे. पण असे आजार मोजके. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए या जनुकांतला दोष तसा जबरदस्त मानला जातो, तरी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात काय दिसलं पाहा. हा दोष असलेल्या, पण १९४० पूर्वी जन्मलेल्या स्त्रियांना पन्नाशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता २४ टक्के होती, तर १९४० नंतर जन्मलेल्यांना ६७ टक्के. जनुकातला दोष तोच, बदललं ते भोवतीचं जगणं.

‘घराण्यात आहे म्हणजे आनुवंशिकच’

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्राने हजारो माणसं मेली. कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, शेवटी वेड लागायचं. तो घराघरांत एकापाठोपाठ एक होई, म्हणून चार्ल्स डेव्हनपोर्ट या सुप्रजननवादी (माणसांचं ‘वाण’ सुधारायला निघालेल्या) शास्त्रज्ञाने वंशावळी जमवून १९१६ साली त्याचं खापर आनुवंशिकतेवर फोडलं. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला ते आधीपासूनच पटत नव्हतं. अनाथालयांत मुलांना दूध, अंडी, मांस द्यायला सुरुवात केल्यावर तिथला पेलाग्रा नाहीसा होताना त्याने पाहिला होता. १९१५ मध्ये त्याने मिसिसिपीतल्या तुरुंगात स्वेच्छेने तयार झालेल्या निरोगी कैद्यांना गरिबांचंच मक्याचं निकस जेवण काही महिने दिलं. ११ पैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. कमी पडणारा घटक नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व होतं, हे १९३७ साली कळलं.

आई-बापांकडून मुलांकडे जनुकं येतात, तशी चूलही येते, गरिबीही येते, बसण्या-झोपण्याच्या सवयीही येतात. नुसत्या वंशावळीवरून यातलं काय कुठून आलं ते ओळखता येत नाही. डेव्हनपोर्टच्या चुकीची किंमत गरिबांनी मोजली, म्हणून या मुद्द्याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

‘८० टक्के जनुकं, २० टक्के परिस्थिती’

टाळीत उजव्या हाताचा वाटा किती टक्के? हा प्रश्न जितका निरर्थक, तितकाच ‘माझ्या उंचीतले किती इंच जनुकांचे’ हा. तो ८० चा आकडा एका माणसाबद्दल नाहीच. एखाद्या समाजात माणसामाणसांच्या उंचीत जो फरक दिसतो, त्यातला किती फरक जनुकांच्या फरकाशी जुळतो, एवढंच तो सांगतो, आणि तेही त्या वेळच्या त्या समाजापुरतं. सगळ्यांना पोटभर अन्न मिळत असेल तर उरलेला फरक बहुतांशी जनुकांचाच दिसणार. दक्षिण कोरियात १८९६ साली जन्मलेल्या स्त्रियांपेक्षा १९९६ साली जन्मलेल्या स्त्रिया सरासरी सुमारे २० सेंटीमीटरने उंच भरल्या. शंभर वर्षांत एका देशाची जनुकं एवढी पालटत नाहीत.

‘पथ्य, तपासण्या फुकट’

माझ्या भावासाठी हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. त्याच्यासारख्याच, शुगर काठावर असलेल्या ३,२३४ जणांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली. निकाल २००२ मध्ये आला. एका गटाने आठवड्याला किमान १५० मिनिटं चालणं आणि वजन सात टक्क्यांनी उतरवणं हे लक्ष्य ठेवलं होतं. सरासरी तीनेक वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी कमी होतं. पुढे याच लोकांची जनुकं तपासली. टाइप २ मधुमेहाचा धोका वाढवणारं एक जनुकरूप आहे, टीसीएफ७एल२ चं. ते दोन्ही प्रतींत असलेल्यांना धोका जास्त होताच, पण चालणाऱ्यांच्या गटात त्याची धार बरीच बोथट झालेली दिसली. म्हणजे ज्याला वारशाने धोका जास्त, त्याच्या चालण्याचं चीज झालं. तरीही काहींना मधुमेह झालाच, हे खरं आहे. तो त्यांचा आळस नव्हता.

आणि तपासणीचं म्हणाल, तर वारसा असणाऱ्यांनाच ती जास्त हवी. साधारण अडीचशे माणसांत एकाला जन्मतःच वाईट कोलेस्टेरॉल फार असण्याचा वारसा मिळालेला असतो. माणूस सडपातळ असो, पथ्याने राहणारा असो, नुसत्या आहाराने ते पुरेसं उतरत नाही, गोळ्या लागतातच. त्या वेळेवर सुरू झाल्या तर तरुणपणी येणारा हार्ट अटॅक बहुधा टाळता येतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला हा दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. त्यामुळे घरात एकाला सापडला की डॉक्टर भावंडांना आणि मुलांनाही बोलावून घेतात, आणि साध्या रक्ततपासणीत तो कळतो.