जयंतीला हार, पुढं काय?

२६ जूनला राजर्षी शाहू महाराजांची जयंती आली की कोल्हापूरच्या दसरा चौकात हारांचा ढीग आणि माईकवर तेच वाक्य, "ही शाहूंची नगरी!" कान किटले राव. अहो, महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली, गुळाचा व्यापार वाढवला. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासांसाठी राखल्या. १९०६ मध्ये कापडगिरणी उभी करायला घेतली. गंगाराम कांबळेंना चहाचं हॉटेल काढायला बळ दिलं, आणि स्वतः तिथं चहा प्यायले. राजाच चहा पितोय म्हटल्यावर सोबतच्यांनाही प्यावा लागला. अस्पृश्य मानलेल्या माणसाचा धंदा बाजारात असा उभा केला त्यांनी!

आणि आत्ता? गिरणी बंद पडून वर्षं लोटली, जागेवर काय करायचं यावर नुसत्या बैठका. महापालिका १९७२ ची, हद्दवाढीचा घोळ तेव्हापासून तसाच. शिरोली, गोकुळ शिरगावात धातूच्या ओतकामाच्या फाउंड्र्या आहेत, कसबी हात आहेत, तरी शिकलेली पोरं पुण्याच्या गाडीत. आई-बाप इथं एकटे. चीड येते!

पुढच्या जयंतीला भाषण नको. गिरणीच्या जागेत काम कधी सुरू होणार, तेवढी तारीख सांगा.