मास्तर आणि बसची वेळ

एका लेखात वाचलं, की दुर्गम वस्तीवर गेलेल्या परक्या शिक्षकाची ओळख प्रशिक्षणातून घडते. अर्धंच खरं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गवळीवाड्यांवर, म्हणजे म्हशी पाळणाऱ्या गवळ्यांच्या वस्त्यांवर, ती परतीच्या बसच्या वेळेवर ठरते. साडेतीनला घड्याळाकडे बघणारा माणूस कितीही छान शिकवू दे, वाड्याच्या लेखी तो पाहुणाच.

खरा घोळ भाषेचा. मूल घरी गवळ्यांची मराठी बोलतं, पुस्तकात प्रमाण मराठी आणि मास्तर कधी बेळगाव शहरातला, कधी कन्नड घरातला. पहिल्याच दिवशी 'असं नाही, तसं म्हण' सुरू केलं की मूल गप्प बसतं, ते मग लवकर बोलत नाही. त्यापेक्षा पहिला महिना वहीत दोन रकाने पाडावेत: डावीकडे वाड्यावरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. सुरुवात म्हशी, झाडं, पाऊस यांपासून. रोज पाच शब्द पुरे. सांगणार मुलं, लिहिणार मास्तर.

कर्नाटकातल्या सरकारी शाळांतली नली-कली, म्हणजे कार्डांवरून खेळत शिकायची पद्धत, १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे या जंगलातल्याच तालुक्यात सुरू झाली. पहिली ते तिसरी एकत्र बसतात, त्यामुळे एकशिक्षकी शाळेला सोयीची. पण कार्डावरचा शब्द घरात नसेल तर मूल चित्र बघून 'वाचतं'. अंगठ्यानं चित्र झाका, लगेच कळेल.

आणि गैरहजर मुलाच्या घरी जरूर जावं, फक्त हजेरीपट शाळेत ठेवून. हातात कागद दिसला की वनखात्याचं कुणीतरी आलं समजून दार लागतं.