‘ट्रॅक्शन नाही, मालिश नाही, वर ऑपरेशनची भीती’: एका ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. कमरेची गादी सरकून पायात कळ येत असल्याने ऐन चवथीत माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, पाच मिनिटंही उभं राहता आलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाचून वाईट वाटलं. त्या दिवसांत घरच्या कर्त्या माणसाला खाटेवर पडून राहावं लागणं म्हणजे काय, हे डिचोलीत राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

तुमच्या तक्रारी अशा: आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ट्रॅक्शन (यंत्राने कंबर ताणणं) दिलं नाही, पाठ दाबली नाही, कमरेचा पट्टा सोडायला लावला, पहिल्याच दिवशी एमआरआय सांगितला नाही, ‘नुसतं चाला आणि पालथे झोपून व्यायाम करा’ म्हटलं आणि शेवटी ‘पायाचा अंगठा वर उचलत नाही’ म्हणून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पाठवून हात झटकले. तुमच्या फाइलीतलं काहीही मी इथे लिहिणार नाही. तुम्ही स्वतः जे उघड लिहिलंत, तेवढ्यावरच बोलते.

ट्रॅक्शनचं आधी सांगते, कारण ते यंत्र आमच्याकडे का नाही हे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस विचारतो. दोन मणक्यांमधल्या गादीला बाहेरून चिवट तंतूंचं कडं असतं आणि आत मऊ गर. कडं फाटलं की गर बाहेर येतो आणि शेजारून पायाकडे जाणाऱ्या शिरेला (रक्तवाहिनी नव्हे, नर्व्ह) भिडतो. शीर दबते, सुजतेही. म्हणून कमरेपेक्षा पायातच कळ जास्त मारते. हा बाहेर आलेला गर ओढून, दाबून किंवा कमरेला झटका देऊन परत आत बसवता येत नाही. मलाही येत नाही आणि ‘बसवून देतो’ म्हणणाऱ्यालाही येत नाही. तो जातो तो बहुतेक वेळा शरीराच्याच करणीने: बाहेर पडलेल्या गराला शरीर परकं समजतं आणि रक्तातल्या पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. त्यातही नुसत्या फुगवट्यापेक्षा तुटून बाहेर पडलेला तुकडा विरण्याची शक्यता जास्त असते, म्हणून रिपोर्टात ‘मोठी’ असं वाचून लगेच धीर सोडू नये. बऱ्याच जणांच्या पायाचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ उतरतं. तेवढा काळ दुखणं आटोक्यात ठेवायचं, माणसाला हलतं ठेवायचं आणि पायातली ताकद जात नाही ना यावर डोळा ठेवायचा, हेच आमचं काम.

ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०१६ साली कंबरदुखी आणि सायटिका (कमरेतली शीर दबून पायात उतरणारी कळ) यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत ट्रॅक्शन देऊ नये असं स्पष्ट आहे. पट्टा, अल्ट्रासाउंडचा शेक आणि टेन्सही (कातडीवरून दिला जाणारा सौम्य विजेचा प्रवाह) त्याच यादीत आहेत. यंत्रावर झोपून काहींना तासभर हलकं वाटतं, ते खोटं नाही. पण यंत्र एकदा विकत घेतलं की त्याचे हप्ते फिटेपर्यंत दारात येणाऱ्या प्रत्येकाला त्यावर झोपवावंसं वाटतं. मला त्या मोहात पडायचंच नव्हतं. घरी कोणी हलक्या हाताने तेल लावून दिलं तर जरूर लावून घ्या. कंबर पिळून घेणं मात्र नको, त्यातून पायात ताकद कमी असेल तर मुळीच नको.

पालथे झोपून कोपरांवर उठण्याचा व्यायाम ‘नुसता’ वाटतो, हे मान्य. त्यात बघायचं एवढंच असतं: पोटरीतली कळ वर सरकून मांडीत, मग कुल्ल्यात आली तर दिशा बरोबर आहे, कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली पावलाकडे जायला लागली तर थांबायचं. पट्ट्याची एकदा सवय लागली की माणूस वाकायला, वळायलाच घाबरतो. आणि आठ-आठ दिवस पडून राहण्याने कोणाचीच गादी लवकर बरी होत नाही.

आता एमआरआय. १९९४ साली अमेरिकेत पाठदुखी अजिबात नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांच्या, म्हणजे ५२ टक्के लोकांच्या, एखाद्या तरी गादीला फुगवटा दिसला. काही दुखत नसताना! धोक्याची खूण नसेल आणि ऑपरेशन किंवा इंजेक्शनचा विचार नसेल, तर पहिल्या काही आठवड्यांत हजारो रुपयांचा फोटो काढून उपचार बदलत नाहीत.

बांबोळीला पाठवण्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तुमच्या अभिप्रायातला तोच भाग दुसऱ्या एखाद्या रुग्णाला महागात पडू शकतो. दुखणं कितीही असह्य असलं तरी त्याला वेळ देता येतो. ताकद कमी होत असेल तर वेळ द्यायचा नसतो. अंगठा वर उचलणारी शीर बहुतेक वेळा कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधल्या गादीपाशी दबते. तिथे कमजोरी आली किंवा वाढत गेली की फिजिओने व्यायाम शिकवत बसायचं नसतं, सर्जनचं मत घ्यायचं असतं. सर्जनकडे जाणं म्हणजे ऑपरेशन ठरलं असंही नाही. ते तपासतील, एमआरआय बघतील. कदाचित थांबायला सांगतील, कदाचित मणक्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतील. त्याने पायाची कळ काही आठवडे कमी होऊ शकते, पण गेलेली ताकद परत आणण्याचा तो उपाय नव्हे. किंवा शिरेवर आलेला तेवढाच तुकडा छोट्या छेदातून काढतील. त्या ऑपरेशनने पायाचं दुखणं लवकर जातं, कंबरेचं तितकंसं जाईलच असं नाही, आणि काहींना त्याच जागी पुन्हा त्रास होतो.

ज्यांना फक्त दुखणं आहे त्यांच्यासाठी हॉलंडमधला २००७ सालचा अभ्यास उपयोगाचा आहे. सायटिकाच्या २८३ रुग्णांपैकी अर्ध्यांचं ऑपरेशन लवकर करायचं ठरलं, बाकीच्यांना थांबवलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षअखेरीस दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. घाई आणि भीती, दोन्हींना त्यात उत्तर आहे.

फीबद्दल थोडक्यात: दर आत शिरताच फलकावर आहेत, आगाऊ पॅकेज आम्ही कोणालाच देत नाही, आणि सर्जनकडे पाठवल्यावर पुढच्या सिटिंगचे पैसे आम्हाला मिळत नाहीत, हेही लक्षात घ्या.

तुम्ही किंवा हे वाचणारं कोणीही: लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, शौचाची जाणीव कमी झाली, बसतो त्या जागेला बधिरपणा आला, दोन्ही पायांतलं बळ गेलं, तर आमच्या फोनची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा त्याच दिवशी, रात्र असली तरी, बांबोळीच्या कॅज्युअल्टीत जा. त्यात तासांचा हिशेब असतो.

तुमच्या तपासणीच्या नोंदी काउंटरवर तयार ठेवल्या आहेत. तुमची चिठ्ठी घेऊन घरचं कोणी आलं तरी देऊ. एमआरआय काढलात तर नुसता रिपोर्ट नको, फिल्मही बरोबर न्या, सर्जन तीच आधी मागतात.