भंगारवाल्याला हटवून विष हटणार नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रॉनिक कचऱ्यावरील माझ्या लेखावर आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. रासायनिक कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून आपण अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे आपला संताप ऐकीव माहितीवरचा नाही, हे मी जाणतो. आपले आक्षेप तीन आहेत. भंगारवाल्यांची बाजू घेताना मी त्यांच्या हातून होणारे प्रदूषण सौम्य करून सांगितले, हा पहिला. चीनने आपल्या गुइयू या गावातला ई-कचरा फोडण्या-जाळण्याचा धंदा दंडुक्याने बंद केला आणि आपणही तेच करायला हवे, हा दुसरा. परदेशातून येणाऱ्या कचऱ्याविषयी मी चकार शब्द काढला नाही, हा तिसरा.

पहिल्या आक्षेपातला एक भाग मला पूर्णपणे मान्य आहे. 'यंत्रे हाताने सुटी करण्याचे काम निरुपद्रवी असते' असे वाक्य मी लिहिले होते, ते चुकीचे होते. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत किलोभराहून अधिक शिसे असू शकते आणि ती हातोड्याने फोडणाऱ्याच्या नाकातोंडात काचेबरोबर आतली पूडही जाते. पहिल्या पिढीच्या सपाट पडद्यांमागे पाऱ्याच्या बारीक नळ्या असतात, आणि लिथियमच्या बॅटरीला पेचकसाचे टोक लागले तर ती हातातच पेट घेते. हे सारे आपण दाखवून दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार.

तरीही माझे मुख्य म्हणणे मी मागे घेत नाही. या साखळीतले सगळ्यात जहाल विष दोन-तीन ठरावीक क्रियांमध्ये निर्माण होते, आणि त्या क्रिया करणारी माणसे व दारोदार फिरून माल गोळा करणारी माणसे बहुतेक वेळा वेगळी असतात. काही वर्षांपूर्वी कुर्ल्याच्या एका गोदामात मी तासभर उभा होतो. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा कोळशाच्या शेगडीवर तवा ठेवून त्यावर मदरबोर्ड पालथा धरत होता. डाख (सोल्डर) वितळली की बोर्ड फरशीवर आपटायचा, सुट्या झालेल्या चिपा पकडीने उचलून डब्यात टाकायच्या आणि पुढचा बोर्ड घ्यायचा. जुन्या डाखेत कथिलाबरोबर तिसऱ्या हिश्शाहून अधिक शिसे असते. तोंडावर फडकेसुद्धा नव्हते आणि चहाचा ग्लास त्याच तव्याशेजारी ठेवलेला होता. त्या दिवसानंतर हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

सुटे झालेले बोर्ड पुढे दिल्लीच्या सीलमपूरमध्ये आणि तिथून उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला जातात. मुरादाबाद हे पितळेच्या भांड्यांचे गाव, त्यामुळे धातू वितळवण्याची विद्या आणि भट्ट्या तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बोर्ड जाळून, राख दळून आणि धुऊन तांबे काढले जाते. रामगंगेच्या काठावर साचलेल्या या काळ्या राखेच्या ढिगांची दखल पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाला घ्यावी लागली. सोन्यासाठी बोर्ड तेजाबात बुडवतात, आणि उरलेले तेजाब जमिनीत किंवा नाल्यात जाते. जाळणे आणि तेजाब या दोन्ही गोष्टी कोणतीही सवलत न देता बंद झाल्या पाहिजेत, याविषयी आपल्यात तसूभरही मतभेद नाही. एवढे विष ओतून हाती काय लागते, तेही पाहण्यासारखे आहे. बंगळुरूमधल्या अशा कामाच्या अभ्यासात बोर्डातल्या सोन्यापैकी जेमतेम पाव भाग हाती लागत असल्याचे आढळले होते, तर मोठ्या आधुनिक भट्टीत ते प्रमाण 95 टक्क्यांच्या आसपास असते.

मात्र गोळा करण्याचे काम वेगळे आहे. चार जिने चढून दारात येणारा, वजनकाटा लावून रोख पैसे देणारा आणि बंद पडलेला मिक्सरही नाकारत नाही असा दुसरा कोण आहे? आमच्या सोसायटीने एकदा एका अधिकृत म्हणवणाऱ्या कंपनीला बोलावून ई-कचरा संकलनाचा दिवस ठेवला होता. सगळ्यांना रंगीत प्रमाणपत्रे मिळाली. तीन आठवड्यांनी स्टेशनमागच्या भंगाराच्या दुकानात मला एक मॉनिटर दिसला, ज्याच्या पाठीवर मीच मार्करने आमच्या इमारतीचे अक्षर आणि घराचा क्रमांक लिहिला होता. भंगारवाल्याने सांगितले की तो माल त्याने त्या कंपनीच्या गाडीवाल्याकडून विकत घेतला. परवाना असला म्हणजे माल योग्य ठिकाणी पोहोचतोच, या समजुतीवर माझा तेव्हापासून विश्वास उरलेला नाही.

आता गुइयूविषयी. ग्वांगडोंग प्रांतातल्या या गावाची अवस्था आपण लिहिलीत तशीच होती. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या सहा वर्षांखालील मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे (100 मिलिलिटरमागे) सरासरी 15.3 मायक्रोग्रॅम शिसे आढळले. 10 हा आकडा त्या काळी चिंतेची पातळी मानला जाई आणि तपासलेल्या दर पाच मुलांपैकी चार मुले त्या पातळीच्या वर होती. पण चीनने ई-कचऱ्याच्या आयातीवर बंदी 2000 सालीच घातली होती, आणि तरीही गुइयूचा धंदा आणखी पंधरा वर्षे चालू राहिला. 2015 च्या अखेरीस तो हलला, तेव्हा घराघरातल्या कार्यशाळांना जाण्यासाठी एक औद्योगिक वसाहत उभी होती, जिथे धूर आणि सांडपाणी एकत्र हाताळण्याची सोय केलेली होती. शिवाय 2012 पासून चीन सरकार देशभरातल्या परवानाधारक कारखान्यांना दर टीव्हीमागे आणि दर संगणकामागे 85 युआन अनुदान देत होते, म्हणजे घरोघरीचा माल विकत घ्यायला त्यांच्या हाती पैसा होता. दंडुका होताच, मी तो नाकारत नाही, पण जागा आणि भाव यांची व्यवस्थाही त्याच्याबरोबर होती. आणि चीनने दारे आणखी घट्ट लावल्यावर तोच माल थायलंडकडे वळला, जिथे 2018 मध्ये पोलिसांना कारखान्यांवर छापे घालावे लागले.

नुसत्या दंडुक्याचे काय होते, हे दिल्लीने पाहिले आहे. शहरात कारवाई झाली की जाळण्याचे आणि तेजाबाचे काम दिल्लीच्या कडेच्या मंडोलीकडे, नाहीतर सीमेपलीकडे गाझियाबादच्या लोणीकडे सरकते, आणि तिथल्या मातीत शिसे मुरू लागते.

आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार उत्पादकाला ठरावीक प्रमाणात कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी घ्यावी लागते आणि त्यासाठी नोंदणीकृत कारखान्यांकडून प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागतात. ही प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंच्या हिशोबाने मिळतात. माझी खरी तक्रार इथे आहे : ज्यांच्यापासून माणसाला धोका आहे, ते शिसे आणि पारा त्या हिशोबात नाहीत. 2024 मध्ये केंद्राने उत्पादकांनी या कारखान्यांना द्यायच्या रकमेला किमान दर ठरवून दिला, साधारण उपकरणांना किलोमागे 22 रुपये, आणि त्याविरुद्ध मोठ्या कंपन्या न्यायालयात गेल्या. तेजाबाच्या बादलीवाल्याला सांडपाण्याचा खर्च नसतो, त्यामुळे बोर्डाला तो नेहमीच चढा भाव देऊ शकतो. प्रामाणिक कारखान्याला हा फरक भरून मिळत नाही तोवर भंगारवाला माल त्याच्या दारी का नेईल? याच नियमांत राज्यांनी औद्योगिक वसाहतींमध्ये या कामासाठी जागा राखावी आणि कामगारांची नोंदणी करून त्यांना प्रशिक्षण द्यावे, असेही म्हटले आहे. आपल्यासारख्या अनुभवी माणसांनी महाराष्ट्रात याचा पाठपुरावा केला तर मला फार आनंद होईल. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 पासून उभी आहे आणि तिच्यातून निघालेल्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेचे सभासद महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करतात, तेव्हा या लोकांना संघटित करता येत नाही, असे निदान आपल्या राज्यात म्हणता येणार नाही.

परदेशी कचऱ्याविषयी थोडक्यात लिहितो. घातक कचऱ्याच्या देशोदेशीच्या वाहतुकीवरील बासेल करारानुसार 1 जानेवारी 2025 पासून कोणताही ई-कचरा घेणाऱ्या देशाच्या पूर्वसंमतीविना पाठवता येत नाही, आणि 'वापरलेला चालू माल' या नावाखाली येणाऱ्या कंटेनरांची कसून तपासणी व्हायलाच हवी. परंतु 2022 मध्ये भारतात स्वतःचाच ई-कचरा चाळीस लाख टनांच्या वर निर्माण झाला, चीन आणि अमेरिकेच्या खालोखाल. म्हणून माझ्या लेखाचा भर घरच्या कचऱ्यावर होता.

शेवटी, जुन्या बॅटऱ्यांचे काय करावे, या आपण विचारलेल्या प्रश्नाबद्दल. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना त्याच दुकानदाराला द्यावी, तो किमतीत वजावट देतो. आतले पाणी गटारात ओतून कोरड्या बॅटरीचे वजन करू पाहणाऱ्याला ती देऊ नये, कारण ते पाणी म्हणजे शिसे मिसळलेले गंधकाम्ल असते. फुगलेली मोबाइलची बॅटरी टोचू अथवा दाबू नये. कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ती घराबाहेर, उन्हापासून दूर ठेवावी आणि लवकरात लवकर त्या कंपनीच्या सेवा केंद्रात नेऊन द्यावी. लेखातले ते चुकीचे वाक्य मी आज काढले असून, पिक्चर ट्यूब, पाऱ्याच्या नळ्या आणि लिथियम बॅटरी यांच्यावर एक परिच्छेद घातला आहे. तो आपण नजरेखालून घालावा, ही विनंती.