वाढलेल्या वनाच्छादनात हरवणारे जंगल

उपग्रहाच्या प्रतिमांवरून देशातली वने मोजणाऱ्या, देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा अहवाल आला की 'वनाच्छादन वाढले' आणि 'मग जंगल गेले कुठे?' असा वाद मराठी वर्तमानपत्रांत सुरू होतो, आणि मी तो ब्राझीलमध्ये बसून वाचतो. वने व वृक्ष मिळून देशाचा २५.१७ टक्के भूभाग व्यापतात, असे २०२३ च्या अहवालाने सांगितले तेव्हाही हेच झाले. माझ्या मते दोष उपग्रहाचा नाही; काय मोजायचे, हे आपण ज्या रीतीने ठरवले आहे त्या रीतीचा आहे.

आपल्या व्याख्येनुसार किमान एक हेक्टर जमिनीवर झाडांच्या छत्राची, म्हणजे वरून दिसणाऱ्या फांद्या-पानांच्या आच्छादनाची, घनता दहा टक्के असली की ते वनाच्छादन. झाडे कोणती, हे पाहिले जात नाही. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात, जिथे मुंबई उच्च न्यायालयाला २०१३ मध्ये वृक्षतोडीला मनाई करावी लागली, तिथे या व्याख्येचा अर्थ उघड दिसतो. ऐन-किंजळीच्या रानाचा डोंगर साफ करून, उतारावर पायऱ्या खोदून रबर लावला की काही वर्षांनी तो तुकडा नकाशावर पुन्हा हिरवा होतो. पावसाळी ढग टाळण्यासाठी प्रतिमा साधारणपणे ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या घेतात, आणि तेव्हा रबरही भरगच्च पानांचा असतो. जानेवारी-फेब्रुवारीत त्याची पाने थोड्याच दिवसांत झडतात आणि लगेच नवी फुटतात; वर्षभराच्या प्रतिमा ओळीने पाहिल्या तर ही लागवड बरीचशी ओळखता येते.

ब्राझीलची अवकाश संशोधन संस्था 'इंपे' १९८८ पासून अॅमेझॉनमधली समूळ तोड दरवर्षी मोजते. मूळ जंगल एकदा साफ झाले की तो तुकडा कायमचा तोडीच्या खात्यात जातो; पुढे तिथे कुरण येवो, सोयाबीन येवो की पुन्हा झाडे, तो जंगलाच्या खात्यात परत जमा होत नाही. म्हणूनच २००४ मधले सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर आणि २०१२ मधले साडेचार हजार या दोन आकड्यांची तुलना सरळ करता येते. २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी संस्थेचे आकडे खोटे ठरवले आणि संचालक रिकार्दो गाल्वाओ यांना पद सोडावे लागले. तरी नकाशे सर्वांसाठी खुले राहिले आणि नोव्हेंबरच्या वार्षिक मोजणीत तोड वाढल्याचेच दिसले. जंगल इथेही तुटते आहे, पण किती तुटले यावरून पळवाट काढणे अवघड आहे.

ही पद्धत कोकणात जशीच्या तशी चालणार नाही. ब्राझीलची वार्षिक मोजणी सव्वासहा हेक्टरांहून लहान तोड धरत नाही, आणि आपल्याकडे डोंगर काही गुंठ्यांनी, खाजगी मालकीच्या जमिनीत साफ होतो. शिवाय काजू-आंब्यावर घर चालवणाऱ्या बागायतदाराला गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे होईल. त्याची बाग बाग म्हणून मोजावी, एवढेच माझे म्हणणे आहे. दहा मीटर तपशिलाच्या सेंटिनेल उपग्रहाच्या प्रतिमा २०१५ पासून फुकट मिळतात. त्यांच्या आधारे नैसर्गिक जंगलाची घट वेगळ्या रकान्यात, गटनंबरांच्या सीमांसह, दरवर्षी जाहीर करावी, म्हणजे एखाद्या खाणीच्या जनसुनावणीत ग्रामसभेला आपल्या गावाचा नकाशा पुढे ठेवून बोलता येईल.