हाळ पाडा म्हणणाऱ्या कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट वाचली. लगेच लिहिलं असतं तर नको ते लिहून बसलो असतो म्हणून जरा थांबलो. बाकीच्यांनी ती वाचली नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. माझी मागची पोस्ट 'ट्रफ' ह्या इंग्रजी शब्दावर होती, आणि तुमचं म्हणणं असं की हवामानवाल्यांचा ट्रफ, गुरांना पाणी पाजायचा दगडी हाळ, गोठ्यातली गव्हाण आणि आजीची काथवट असं ट्रफ म्हणतात ते सगळं मी तिच्यात कोंबलंय. ट्रफ म्हणजे पाऊस, शेतकऱ्याला एवढं कळलं तरी बास. मग, "हाळ म्हणजे लाळ्या-खुरकुताचं घर, पाडले ते चांगलंच झालं." (लाळ्या-खुरकूत म्हणजे गुरांच्या तोंडाला-खुरांना होणारा साथीचा रोग.) आणि शेवटी, शहरात पंख्याखाली बसून गावाच्या आठवणी काढणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

आधी ह्या शेवटच्या वाक्याचं बघू. मत वेगळं असू द्या की, माझी काहीच हरकत नाही, इथं कितीतरी लोक माझ्याशी भांडून गेलेत आणि परत येऊन वाचतात. पण "शिकवू नये" ही कुठली भाषा? मी कुणाला शिकवलं? माझ्या जागेवर माझं लिहिलं. तुम्ही तुमचं गावसुद्धा लिहिलं नाही आणि मला मात्र पंख्याखाली बसवून मोकळे झालात. मी सांगलीत राहतो ते पोटापाण्यासाठी. जन्म खटाव तालुक्यातला, घरी म्हशी आणि खिलार बैलांची जोडी होती, शाळेत जायच्या आधी शेण काढलंय आणि संध्याकाळी गुरं हाळावर नेलीत. हे कुणाला सांगायची गरज पडावी असं वाटत नव्हतं, पण तुम्ही वेळ आणलीत.

एक मान्य करतो, काथवटीचा परिच्छेद लांबला. भाकरीचं पीठ मळायची लाकडी काथवट आता राहिलीय कुणाच्या घरात, परातीनं तिची जागा कधीच घेतली, तेव्हा तो निम्मा केला असता तरी चाललं असतं.

"ट्रफ म्हणजे पाऊस" ह्याच्यावर फार लिहीत नाही, पोस्टमध्ये आहे ते नीट वाचा. ट्रफ म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, आणि तो कुठं आहे ह्यावर सगळं ठरतं. मान्सूनचा मोठा ट्रफ श्रीगंगानगरकडून बंगालच्या उपसागरापर्यंत असतो, तो हिमालयाच्या पायथ्याला सरकला की आपल्याकडं उघडीप. किनाऱ्याजवळचा ट्रफ जोरात असला की महाबळेश्वर, कोयनेला धो धो आणि त्याच जिल्ह्यात दहिवडी-म्हसवडला नुसता वारा. बातम्यांत ट्रफ ऐकून बी टाकणारा माणदेशातला माणूस फसतो म्हणून ते लिहिलं होतं. असो.

आता हाळ. लाळ्या-खुरकुताचा विषाणू आजारी जनावराच्या लाळेतून पाण्यात उतरतो आणि त्याच पाण्याला दुसऱ्यानं तोंड लावलं की त्याला लागण होऊ शकते, हे मला माहीत नाही असं तुम्ही धरूनच चाललात. आमच्या घरात खुरकूत येऊन गेलीय. तोंडात फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा, वैरणीला तोंड लावेना, आई फिटकरीच्या पाण्यानं तोंड धुवायची आणि बोरोग्लिसरीन लावायची, दूध आटलं ते त्या वेतात पुन्हा आलंच नाही. त्या वेळी आमच्या चुलत्यांनी पहिलं काय केलं असेल तर म्हशीला हाळावर न्यायचं बंद केलं. तिला गोठ्यातच वेगळ्या बादलीत पाणी, आणि ती बादली दुसऱ्या जनावरापुढं ठेवायची नाही. हा नियम अख्ख्या आळीला माहीत होता, कुणी मोडला तर चारचौघात बोलणी खायचा. हाळ उपसून घासला जायचा, आतून चुना मारला जायचा, बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी तर हमखास. म्हणजे आमच्या बापजाद्यांना रोग कळत होता आणि त्यावर हाळ न पाडता इलाजही करता येत होता.

आणि फक्त हाळानंच रोग पसरतो म्हणता तर बाकीचं बघा ना. हा विषाणू हवेतून जातो, माणसाच्या कपड्याला आणि चपलेला चिकटून जातो, वैरणीच्या गाडीतून जातो. ऊसतोडीला लांबलांबून बैलं येतात, कारखान्याच्या तळावर खेटून बांधलेली असतात. पुसेगाव, खरसुंडीच्या यात्रेत खिलारांच्या रांगा लागतात. मग कारखाने आणि यात्रा पण पाडायच्या का? २०२२ ला लंपी, म्हणजे जनावरांच्या अंगावर गाठी येणारी साथ, आली तेव्हा जनावरांचे बाजार बंद ठेवले होते, साथ ओसरल्यावर सुरू झाले, बाजाराची जागा कुणी खणून टाकली नाही. लंपी तर मुख्यतः माश्या, डास, गोचिडांनी पसरते. साचलेल्या पाण्यात डास होतात म्हणाल तर त्यालाही आठवड्यातून एकदा हाळ कोरडा करणं एवढाच उपाय आहे, आरोग्य खातं घरच्या टाक्यांना जो कोरडा दिवस पाळायला सांगतं तोच.

लक्षणं दिसायच्या आधीच विषाणू बाहेर पडायला लागतो हे खरंय, म्हणून तर वर्षातून दोनदा लस टोचायची. लस सरकारी दवाखान्याकडून मिळते. २०१९ पासून केंद्राचा त्यासाठी मोठा कार्यक्रमच चालू आहे. तरी डॉक्टर दारात आले की "गाभण आहे, दूध कमी होईल" म्हणून जनावर आत ओढणारी माणसं मी बघितलीत. तिथं कुणी कमेंट करत नाही. हाळ बिचारा दगडाचा, त्याच्यावर घसरायला सोपा!

ज्याच्या गोठ्यात बोअर आहे त्यानं चोवीस तास पाणी ठेवावं, मुक्त गोठ्यात तेच करतात आणि ते चांगलंच आहे. मोठ्या गाईला दिवसाला चाळीस-पन्नास लिटर सहज लागतं, दुभत्या गाईला त्याहून जास्त. पण ज्याच्याकडं विहीर नाही, एकच गाय आहे, त्यानं पन्नास लिटर डोक्यावर वाहायचं का? आणि माण, खटाव, आटपाडीकडची मेंढपाळ मंडळी शे-दोनशे मेंढरं घेऊन वाटेला लागतात, ती कुणाच्या बादलीत पाणी पाजतील? ह्या माणसांचा तुमच्या कमेंटमध्ये कुठं उल्लेख नाही, म्हणून मला राग आलाय, माझ्याबद्दल काय बोललात त्याचा कमी.

गव्हाणीबद्दल जे लिहिलंत त्यात आक्षेप काय आहे तेच कळलं नाही, म्हणून सोडून देतो.

परत लिहायचं असेल तर जरूर लिहा, कमेंट मी डिलीट करत नाही. फक्त गावाचं नाव घालून लिहा, तुमच्याकडं हाळ पाडून त्या जागेवर काय बांधलं ते सांगा, आणि एप्रिल-मेमध्ये वाटेनं जाणारी मेंढरं तिथं आता पाणी कुठं पितात तेही सांगा.