व्याज उतरलं की सराफाकडं धावायचं कशाला?

एफडी रिन्यू करायला गेलं की व्याज कमी झाल्याचं कळतं आणि पाय थेट बेळगावच्या खडेबाजार नाहीतर शहापूरच्या सराफाकडं वळतात. निपाणी, खानापुरातही तेच. निवृत्तीच्या पैशात सोनं हवं, याबद्दल वाद नाही. व्याज घटल्याच्या रागात घेतलेलं सोनं मात्र नको.

रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, फेब्रुवारी २०२३ पासून ६.५० टक्के होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये कपात सुरू झाली आणि डिसेंबरात तो ५.२५ वर आला. तुमची जुनी एफडी संपून घटलेला दर हातात पडेस्तोवर सोनं चढून बसलेलं असतं. शिवाय सोनं आपल्या रेपोला फारसं विचारत नाही. अमेरिकेतल्या व्याजातून तिथली महागाई वजा जाता काय उरतं आणि डॉलर किती रुपयांना, यावर आपला भाव ठरतो. तेही दरवेळी नाही. २०२२-२३ मध्ये अमेरिकेनं दर जवळजवळ शून्यावरून सव्वापाचच्या वर नेले. व्याज इतकं चढल्यावर सोनं पडायला हवं होतं, पण ते टिकलं, कारण जगभरच्या मध्यवर्ती बँका वर्षाला हजार टनांहून जास्त उचलत होत्या. उलट २०१३ मध्ये फेड (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) रोखेखरेदी आवरणार या नुसत्या चाहुलीनं डॉलरमधला भाव वर्षात पाव हिश्श्याहून जास्त कोसळला. दर बघून सोन्यात आत-बाहेर करणं पेन्शनरला झेपणारं नाही.

मग निवृत्तीच्या एकूण पैशातला किती वाटा सोन्यात ठेवायचा? मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्याची पेन्शन महागाई भत्त्यानं वाढते, त्याला ५ टक्के पुरे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत राबलेल्याची ईपीएस पेन्शन (पीएफ कार्यालयाकडून मिळणारी) भाववाढीबरोबर हलत नाही, त्याला १० ते १५ टक्के लागेल. त्याआधी दोन वर्षांचा घरखर्च बँकेत आणि मग पोस्टातली सीनियर सिटिझन स्कीम: माणशी कमाल ३० लाख, खातं उघडताना जो दर तोच पाच वर्षं. (पतसंस्था-सोसायटीतल्या ठेवीला बँकेसारखा ५ लाखांचा विमा नसतो, हेही ध्यानात असू द्या.)

बायकोच्या पाटल्या, बोरमाळ या हिशेबात धरू नका. त्या विकायची वेळ आली तरी घरात कोणी विकू देत नाही. नवा दागिना तर गुंतवणूक म्हणून तोट्यातच सुरू होतो. १ लाखाच्या सोन्यावर १२ टक्के मजुरी आणि एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी धरला, तर बिल १,१५,३६० रुपये. मोडताना मजुरी गेली, वर २ टक्के घट कापली, की हातात ९८,०००. नुसती बरोबरी व्हायला भाव जवळजवळ १८ टक्के चढावा लागतो.

डीमॅट खातं असेल तर गोल्ड ईटीएफ (शेअरबाजारात युनिटनं मिळणारं सोनं) घ्या, नसेल तर म्युच्युअल फंडाचा गोल्ड फंड. ईटीएफला लिमिट ऑर्डरच टाका, म्हणजे आपण ठरवलेल्या भावापेक्षा जास्त द्यावं लागत नाही. मागणी उसळली की युनिटचा बाजारभाव आतल्या सोन्याच्या किमतीपेक्षा वर जातो आणि मार्केट ऑर्डरवाला, म्हणजे मिळेल त्या भावाला घेणारा, तो फरक भरतो. सरकारी गोल्ड बाँडची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही. मूळ इश्यूत घेतलेले असतील तर आठ वर्षं पूर्ण होऊ द्या, तो नफा करमुक्त आहे. ॲपवरच्या डिजिटल सोन्यावर बाजार नियामक सेबीचं नियंत्रण नाही, त्यापासून लांबच राहा.

वर्षातून एकदा, समजा एप्रिलात, वाटा तपासा. ४० लाखांत ४ लाख सोनं होतं, भाव ६० टक्के वाढला, तर सोनं ६.४० लाख आणि वाटा १५ टक्क्यांवर. तो पुन्हा १० वर आणायला २.१६ लाखांचं विकून पैसे ठेवीत टाका. भाव चढत असताना विकणं जिवावर येतं, पण पेन्शनरच्या सोन्याचा खरा उपयोग हाच. यात नफा ८१,००० रुपये. ईटीएफ वर्षभराहून जास्त ठेवलं असेल तर १२.५ टक्के कर आणि वर सेस, म्हणजे साडेदहा हजारांच्या आसपास. बाकी उत्पन्न मूळ सवलतीच्या मर्यादेपेक्षा कमी असेल, तर उरलेली मर्यादा आधी या नफ्यातून वजा होते. रिटर्न भरणाऱ्याला हे मुद्दाम विचारा.